विचारा तर खरं: बाळ मागे पडतंय, पण जायचं कुठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन घेतलीयेत, तिन्ही लहान मुलांच्या उशिरा होणाऱ्या वाढीबद्दल. पहिल्या पत्राचं उत्तर जरा जास्तच लांबलंय, पण तो प्रश्नच तसा आहे.

प्रश्न: ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे सव्वादोन वर्षांचा एक मुलगा आहे, अजून उभा राहत नाही, पाय एकदम ताठ, उचललं की एकावर एक कात्रीसारखे जातात. पावसाळ्यात आरबीएसकेची, म्हणजे मुलं तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांची, गाडी आली होती, डॉक्टरांनी बघून जिल्हा रुग्णालयात डीईआयसीला (वाढीत मागे पडणाऱ्या मुलांवर लवकर उपचार करणारं केंद्र) पाठवलं. एकदा गेले, तिथे दर आठवड्याला यायला सांगितलं, मग परत गेलेच नाहीत. आता दसरा झाला की टोळी निघेल ऊसतोडीला. मी रागावले तर आई म्हणते, बाई, एक दिवस गेला की खाडा, आणि मुकादमाची उचल तर घेऊन बसलोय. मी काय करू?

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे तिला रागावू नका. ती निष्काळजी असती तर एकदा तरी गेली असती का जिल्ह्याला, कडेवर मूल घेऊन, दोन एसट्या बदलून? 'दर आठवड्याला या' हे रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्याला सांगणं ठीक आहे, तुमच्या वस्तीवरच्या बाईला ते सांगणं म्हणजे येऊ नका म्हटल्यासारखंच झालं.

आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, आपल्याच पालघरमधून. कल्पना खरंच चांगली आहे, दोन डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट अशी टीम गाडीतून अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणार आणि शाळेत एकदा, ज्याच्यात काही सापडेल त्याला पुढे पाठवणार. पण मूल शोधायचं काम दारापर्यंत आलं आणि उपचार जिल्ह्यालाच राहिला. फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, स्पेशल एज्युकेटर सगळे एका छताखाली मिळायला हवेत म्हणून डीईआयसी काढलं, तेही बरोबरच आहे, फक्त ते छत तुमच्यापासून किती लांब आहे ते कोणी मोजत नाही. खरं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २५ मध्ये स्पष्ट म्हटलंय की आरोग्यसेवा जवळपास, खास करून ग्रामीण भागात, मोफत मिळावी (उत्पन्नाची अट आहे, पण या कुटुंबाला ती कुठे आडवी येणार). आणि सगळ्या मुलांची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी हेही त्याच कलमात आहे.

आता कामाचं. टोळी निघायच्या आधी त्यांना डीईआयसीला आणखी एकदाच घेऊन जा, जमलं तर तुम्ही किंवा आशाताई सोबत जा, आणि तिथे गेल्यावर फिजिओथेरपिस्टला सरळ सांगा की मॅडम, हे लोक आता पाच-सहा महिने येणार नाहीत, घरी काय करायचं ते आईच्या हातून करून घ्या. बघून नाही, करून. कसं बसवायचं, कसं उचलायचं, कपडे घालताना पाय कसे सोडवायचे, हे सगळं बापाच्या मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या. फडावर वेगळा व्यायाम करायला कोणाला वेळ नसतो हे आपल्याला माहितीये, त्यामुळे जे काही असेल ते अंघोळ, जेवण, झोपवणं यातच बसलं पाहिजे, असं मागा. आणि खुब्याचा एक्स-रे काढायचा का ते विचाराच. अशा ताठ पायांच्या मुलांत खुब्याचं हाड हळूहळू जागेवरून सरकू शकतं, सुरुवातीला दुखतही नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पुढे ऑपरेशनपर्यंत जातं. बाजारात तो गोल, चाकाचा वॉकर मिळतो त्यात मात्र त्याला अजिबात ठेवू नका, पाय आणखी ताठतात.

दुसरं, ते सांगलीला जातात की कोल्हापूरला, कोणत्या कारखान्याला, मुकादमाचा नंबर काय, हे आत्ताच लिहून घ्या. आरबीएसके तिकडेही आहे, डीईआयसी तिकडेही आहे, जिल्हा बदलला म्हणून मुलाचा हक्क बदलत नाही. स्थलांतराची नोंद तुम्ही ऑनलाइन करताच, पण मला विचाराल तर त्याच्यासोबत एक साधा फोनही करा तिकडच्या सेविकेला, कारण कोपीत, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीत, राहणारं मूल तिच्या यादीत आपोआप येत नाही, कोणीतरी नाव सांगावं लागतं. रेफरल कार्डाचा फोटो आईच्या आणि बापाच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा, कागद पावसात जातो.

प्रवासखर्चाचं म्हणाल तर एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, बऱ्याच गावांत तो वर्षाअखेरीला घाईघाईने कशावर तरी जातो, ग्रामसेवकाला लेखी अर्ज देऊन विचारा की या मुलासाठी काय करता. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागतील, म्हणून त्याच फेरीत जिल्हा रुग्णालयात यूडीआयडीचंही (दिव्यांगांचं ओळखपत्र) काम सुरू करा. पण लक्षात ठेवा, थेरपी सुरू करायला प्रमाणपत्र लागत नाही, कोणी तसं म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

आणि हो, दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीने काय करायचं याचा प्रोटोकॉल केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलाय, लवकर ओळखणं, घरच्यांना आधार देणं, पुढे पाठवणं असं सगळं त्यात आहे. वाचायला छान आहे. वजनं, पोषण ट्रॅकर ॲप, टीएचआर (घरी न्यायचा आहार) वाटप, मतदार याद्या या सगळ्यातून तुम्ही तो कधी करायचा ते मात्र त्यात लिहिलेलं नाही. तरी तुम्ही पत्र लिहिलंत.

प्रश्न: मी नाशिकला असते, आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी २८ महिन्यांची आहे, एकही शब्द बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही पण टीव्हीवर गाणं लागलं की पळत येते. सासूबाई म्हणतात तिचा बाबा पण उशिराच बोलला. डॉक्टर म्हणाले तीन वर्षांपर्यंत बघू. एका प्रायव्हेट सेंटरला विचारलं तर एका सेशनचे ८०० सांगितले, आठवड्याला चार. परवडत नाहीये, आणि सरकारीमध्ये जायला घरचे नको म्हणतात.

उत्तर: तीन वर्षांपर्यंत बघू हे ऐकून मला खरंच वैताग येतो. वर्षाच्या मुलाने हाकेला बघायला हवं, दीड वर्षापर्यंत थोडे शब्द यायला हवेत, दोनला दोन शब्द जोडता यायला हवेत, 'आई दे', 'बाबा गेला' असे. यातलं काहीच नसेल तर पुढचे आठ महिने बघायचं काय आहे? बाबा उशिरा बोलला असेल, पण तो हाकेला ओ देत होता का ते सासूबाईंना जरा विचारा.

सगळ्यात आधी कान तपासा. टीव्हीच्या गाण्याला येते म्हणजे ऐकू येतं असं समजू नका, काही मुलांना मोठा आवाज कळतो आणि बोलणं नीट कळत नाही. बेरा चाचणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) करून घ्या, मुंबईला येणं जमत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. मग विकासाची तपासणी. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची फुकट प्रश्नावली आहे, तुमची मुलगी त्यात अजून बसते. त्यातून निदान होत नाही, पण पुढे लगेच जायचं की नाही ते कळतं.

सरकारीचं म्हणाल तर डीईआयसी तुमच्यासाठी पण आहे, तिथे रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत. उलट शिकलेले पालक तिथे जायला लागले, तारीख का मिळत नाही, स्पीच थेरपिस्टची जागा रिकामी का म्हणून विचारायला लागले तर त्याचा फायदा वरच्या पत्रातल्या मुलालाही होईल. आठवड्याला एक दिवस तिथे, आणि बाकीचं घरी तुम्ही स्वतः शिकून करायचं, असंही चालतं, चार सेशन म्हणजे चारपट प्रगती असं काही नसतं.

प्रायव्हेटमध्ये गेलातच तर भिंतीवरची कार्टून बघू नका, स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटरची रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी बघा, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्याच्या कौन्सिलची. थेरपी चालू असताना आईबाबांना बाहेर बसवून ठेवणारं सेंटर मला आवडत नाही, घरी काय करायचं ते कसं कळणार मग? आणि ऑटिझम (स्वमग्नता) आहे असं पुढे निघालंच आणि कोणी स्टेम सेलचं पॅकेज सांगितलं तर तिथून उठा, ऑटिझमसाठी ते करू नये असं नॅशनल मेडिकल कमिशनच्या बोर्डाने डिसेंबर २०२२ मध्येच म्हटलंय. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा काढता येतो, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचे पैसेही त्यातून ठराविक मर्यादेत मिळतात, पण त्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ती पुढची गोष्ट, आधी कान.

प्रश्न: मी सध्या मुलीकडे न्यूजर्सीला आले आहे. नातू २६ महिन्यांचा, फार थोडं बोलतो. इथल्या कोणीतरी सांगितलं की घरात मराठी बोलता म्हणून गोंधळतो, तर मुलगी मलाही इंग्रजीतच बोल म्हणते. मला कुठे येतं तेवढं! खरंच माझ्यामुळे होतंय का?

उत्तर: नाही हो काकू. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही, फक्त शब्द मोजताना दोन्हीकडचे मोजायचे, 'पाणी' पण धरायचं आणि 'बॉल' पण. तुम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलण्यापेक्षा तुमच्या मराठीत भरपूर बोललात तर त्याच्या कानावर जास्त पडेल.

पण तपासणी मात्र करा. तिकडे १९८६ पासून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी कायद्यातच सोय आहे, अर्ली इंटरव्हेन्शन म्हणतात, नाव दिल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि योजनेची पहिली बैठक व्हायला हवी. (आपल्या २०१६ च्या कायद्यात असा दिवसांचा आकडा नाही, मला त्याचा हेवा वाटतो.) तपासणीचे पैसे नाहीत, पुढच्या थेरपीचे न्यूजर्सीत उत्पन्न बघून घेतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीसाठी थांबायला नको, मुलीने स्वतः फोन केला तरी चालतं. तिसरा वाढदिवस झाला की हे काम तिथल्या शाळा खात्याकडे जातं, म्हणजे हातात दहाच महिने आहेत. घरात मराठी बोलतो हे फोनवरच सांगा, मुलाची तपासणी घरच्या भाषेत व्हावी असाही तिथला नियम आहे, दुभाषा मागता येतो. आणि तुमचं परतीचं तिकीट त्या तपासणीच्या नंतरचं असेल तर बरं, दिवसभर तो तुमच्याजवळ असतो, त्याला काय कळतं काय नाही ते तुम्हीच जास्त सांगू शकाल.