ड्रॉइंगवरची मापे इंग्रजीत वाचताना: ‘फाय’, ‘इनटू’ आणि मोठा-लहान ‘एच’

बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात तपासणी विभागात काम करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, परदेशी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना ड्रॉइंगवरची मापे आणि चिन्हे इंग्रजीत कशी वाचावीत. ‘आम्ही आपसात फाय ट्वेंटी-फाइव्ह, टेन इनटू वन पॉइंट फाइव्ह असे म्हणतो, पण समोरचा माणूस मध्येच अडखळतो, मग आमचे इंग्रजी चुकीचे आहे काय?’ असा त्यांचा नेमका प्रश्न आहे.

सगळेच चुकीचे नाही. व्यासाचे ⌀ हे चिन्ह म्हणजे तिरपी रेघ मारलेले वर्तुळ आहे, ते ग्रीक अक्षर नव्हे. पण ते त्या अक्षरासारखे दिसते म्हणून आपल्याकडे कॉलेजच्या फळ्यापासून लेथपर्यंत सर्वांच्या तोंडी ‘फाय’ रुळले आहे. मराठी मिस्त्री, कन्नड सेटर आणि कोल्हापूरहून आलेला माल घेणारा अशा तिघांनाही ते एकाच वेळी कळते, त्यामुळे आपसात ते सोडण्याचे काही कारण मला दिसत नाही. इंग्रज किंवा अमेरिकन माणूस मात्र तेथे ‘डायमीटर ट्वेंटी-फाइव्ह’ किंवा ‘ट्वेंटी-फाइव्ह डायमीटर’ म्हणतो. परदेशी गिऱ्हाइकाशी बोलताना एवढा बदल केला की काम भागते.

खरी अडचण ‘इनटू’ची आहे. आपण शाळेत गुणाकाराच्या फुलीला ‘इनटू’ म्हणायला शिकलो आणि ती सवय ड्रॉइंगवरच्या प्रत्येक फुलीला लागली. इंग्लंडमध्ये वाढलेल्या माणसाने ‘थ्री इनटू ट्वेल्व्ह’ ऐकले, तर त्याच्या मनात बारा भागिले तीन असा अर्थ येतो, म्हणजे नेमका उलटा. शिवाय ड्रॉइंगवर ही फुली गुणाकारासाठी क्वचितच असते. एम१०×१.५ या आट्यांच्या मापात ती व्यास आणि पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) यांच्यामध्ये उभी असते, म्हणून तेथे ‘एम टेन बाय वन पॉइंट फाइव्ह’ म्हणावे. २×४५° या चॅम्फरला, म्हणजे तिरप्या कापलेल्या कडेला, ‘टू बाय फॉर्टी-फाइव्ह डिग्रीज’ म्हणावे. ४×⌀८ मध्ये मात्र तीच फुली ‘अशी चार भोके’ एवढेच सांगते. तेथे ‘बाय’ वापरून ‘फोर बाय एट’ म्हटले, तर ऐकणारा चार आणि आठ मिलिमीटर बाजूंचा खाचा डोळ्यांपुढे आणील. ‘फोर होल्स, एट डायमीटर’ हे सर्वांत निर्धोक, आणि अमेरिकन लोक ‘फोर प्लेसेस’ असेही म्हणतात. थोडक्यात, फुली दिसली की आधी ती कोणते काम करते आहे ते पाहावे आणि मग तोंड उघडावे.

याहून महाग पडणारी चूक अक्षराच्या आकाराची असते. लिमिट आणि फिटच्या, म्हणजे भोक आणि त्यात बसणारा शाफ्ट (दांडा) यांच्या मापांत किती फरक चालेल ते ठरवण्याच्या, पद्धतीत भोकासाठी मोठे अक्षर आणि शाफ्टसाठी लहान अक्षर वापरतात. २५ मिलिमीटरच्या मापाला मोठा एच७ असेल, तर भोक २५.००० ते २५.०२१ या दरम्यान चालते. लहान एच७ असेल, तर शाफ्ट २४.९७९ ते २५.००० या दरम्यान असावा लागतो. कागदावर हा फरक ढळढळीत दिसतो, पण फोनवर दोन्हींचा उच्चार ‘एच सेव्हन’ असाच होतो. म्हणून ‘कॅपिटल एच सेव्हन’ आणि ‘स्मॉल एच सेव्हन’ असे सांगावे, किंवा त्याहून बरे म्हणजे ‘होल, एच सेव्हन’ असे वस्तूचे नाव आधी घ्यावे. दोन्ही एकत्र आले, उदाहरणार्थ मोठा एच७ आणि लहान जी६, तर भोकाचे आधी व शाफ्टचे नंतर, हा कागदावरचाच क्रम ठेवावा.

दशांश चिन्हानंतरचे आकडे इंग्रजीत सुटे वाचतात: १२.७५ हे ‘ट्वेल्व्ह पॉइंट सेव्हन फाइव्ह’ होते, ‘पॉइंट सेव्हन्टी-फाइव्ह’ नव्हे. साडेबारा, पावणेतेरा म्हणणाऱ्या आपल्या जिभेला हे थोडे जड जाते खरे. ± साठी आपण ‘प्लस मायनस’ म्हणतो, ते कळते. तरी ‘प्लस ऑर मायनस’ हा रूढ प्रयोग. फिफ्टीन आणि फिफ्टी यांचा घोळ फोनवर नेहमीचाच, तेव्हा ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’ असे जोडून सांगण्यात कमीपणा मानू नये.

अमेरिकन गिऱ्हाइकाशी बोलताना एक सावधगिरी अधिक लागते. आपले जुने मिस्त्री इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, तसे तेथील कारागीर इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाऊ’ आणि दहा हजाराव्या भागाला ‘टेन्थ’ म्हणतात. त्यांचा ‘वन टेन्थ’ म्हणजे सुमारे अडीच मायक्रॉन (मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि मिलिमीटरमध्ये विचार करणारा मात्र तोच शब्द ऐकून शंभर मायक्रॉन समजेल. तेथे ‘टेन्थ’ हा शब्द आपल्या तोंडी येऊच देऊ नये. मायक्रॉनमध्ये आकडा सांगून त्यांच्याकडून इंचातला आकडा वदवून घ्यावा.

जॉमेट्रिक टॉलरन्सची, म्हणजे आकारात किंवा जागेत किती फरक चालेल ते सांगणारी, चौकट डावीकडून उजवीकडे, एकेक घर घेत वाचावी. पहिल्या घरात पोझिशनचे चिन्ह, दुसऱ्यात ⌀०.१ आणि गोलातला एम (भागात जास्तीत जास्त धातू असण्याची स्थिती), पुढे ए, बी, सी ही डेटमची, म्हणजे जेथून मोजायचे त्या आधारांची, अक्षरे असतील, तर ‘पोझिशन, डायमीटर पॉइंट वन अ‍ॅट मॅक्झिमम मटेरियल कंडिशन, टू डेटम ए, बी अँड सी’ असे होते. यातला ‘डायमीटर’ शब्द गाळण्याची आपल्याकडे सवय आहे आणि ती मोडायला हवी, कारण ते चिन्ह असेल तर टॉलरन्सचा पट्टा गोल नळीसारखा असतो, नसेल तर दोन समांतर प्रतलांमधला. तपासणीचा निकाल त्यावर फिरतो.