आपल्या गावापासून निघू या

प्रश्न : आम्ही धरमपेठेतल्या आठ जणी दर महिन्याला भिशीसाठी जमतो आणि यंदापासून भिशी उघडून झाल्यावर तासभर पुस्तकांवर बोलायचे, असे आम्ही ठरवले आहे. त्या निमित्ताने घरातले कपाट उघडले तेव्हा लक्षात आले, की इतक्या वर्षांत घेतलेल्या पुस्तकांमध्ये लेखिकांची पुस्तके जेमतेम सहा आहेत. लेखिकांच्या कथा-कादंबऱ्या आणि आत्मकथने वाचायची तर सुरुवात कुठून करावी? एखादी यादी द्याल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण कपाट उघडून मोजदाद केलीत, हे मला फार मोलाचे वाटते, कारण बहुतेक घरांत ती कधी होतच नाही. यादी मात्र मी देत नाही. यादीतले पुस्तक अभ्यासक्रमातल्यासारखे वाचले जाते आणि तिसऱ्या महिन्यात यादी हरवते. त्यापेक्षा आपल्या गावापासून निघावे, असे मी सुचवीन.

नागपुरातच जन्मलेल्या कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांच्या संस्कृत शिक्षणाची कहाणी आहे, ती पहिल्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावी. दलित कुटुंबातली मुलगी संस्कृत शिकायचे ठरवते, तेव्हा शाळेतले गुरुजी आपल्याला कसे वागवतील या धास्तीने ती वर्गात जाते, आणि ते गुरुजी मात्र तिला मनापासून शिकवतात. पुढे ती संस्कृत घेऊन एम.ए. होते, पण नोकरी मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते आणि मग नोकरी मिळते. ही नोकरी कुमुद सोमकुवरला मिळालेली नाही, कुमुद पावडेला मिळाली आहे, हे त्या ज्या शांतपणे नोंदवतात, तिथे मी प्रत्येक वेळी थांबतो. या संस्कृतपंडित बाईंचे कौतुक करणाऱ्या सभांतले शब्दही त्यांनी असेच उलटून पाहिले आहेत. आपण ज्या रस्त्यांनी रोज बर्डीला जातो, त्याच शहरात हे घडले आहे, हे लक्षात ठेवून वाचले म्हणजे पुस्तक अंगावर येते.

दुसरे नाव कुसुमावती देशपांडे यांचे. त्या अमरावतीच्या, नागपुरात त्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी साहित्य शिकवले, आणि १९३४ च्या ‘दीपकळी’पासून त्यांनी जी कथा लिहिली ती घटनेपेक्षा मनातल्या हालचालीवर लक्ष ठेवणारी होती. ग्वाल्हेरच्या १९६१ च्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. म्हणजे स्त्रीला ते पद मिळायला ८३ वर्षे लागली आणि २०२५ पर्यंत त्या पदावर एकूण सहाच स्त्रिया आल्या. आपल्या कपाटातही सहाच पुस्तके निघाली, हा योगायोग मला अस्वस्थ करून गेला. पुढे त्यांचे पती झालेले कवी अनिल आणि कुसुमावती यांच्या पत्रांचे ‘कुसुमानिल’ हे पुस्तकही मिळाले तर जरूर घ्यावे. लग्नाआधीच्या पत्रांत दोन तरुण माणसे एकमेकांना घडवताना दिसतात.

मग बुलढाण्याला जावे. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापली गेली. भ्रूणहत्येच्या आरोपावरून सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेवर वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीला जे दूषण दिले, त्याचे हे उत्तर आहे, आणि ते घरगुती, रोखठोक, संतापलेल्या बोलीत आहे. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, तरी पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले म्हणून ते आज आपल्याला वाचता येते. म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानात अनोळखी लेखिकेचे पुस्तक दिसले, तर दोन पाने चाळल्याशिवाय ते परत ठेवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकींनी शाळेतल्या धड्यापुरती वाचली असतील. मीही बरीच वर्षे ते गमतीदार आठवणींचे पुस्तक समजत होतो, आणि तिशी उलटल्यावर सगळे वाचले तेव्हा आपण काय गमावले होते ते कळले. लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक यांचा काही काळ नागपुरात गेला. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्याशी गाठ पडली आणि दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मागे राहिलेल्या बायकोने ती ताटातूट कशी सोसली आणि १९०० साली ती स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती कशी झाली, हे ज्या साध्या वाक्यांत येते, ती वाक्ये लिहिणारीला रीतसर शाळा जवळजवळ मिळालेलीच नव्हती.

कथा-कादंबरीसाठी आशा बगे आहेतच. त्या नागपूरच्या, आणि ‘भूमी’ या कादंबरीला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे. पण मी त्यांच्या कथांपासून सुरुवात करीन, कारण वाड्यातली माणसे, सणवार, गाणे आणि त्यांच्या आड दडलेली घुसमट तिथे जवळून दिसते. इथून उर्मिला पवारांच्या ‘आयदान’कडे किंवा गौरी देशपांडे यांच्याकडे वाट आपोआप जाईल.

प्रश्न : मला कविता आवडाव्यात असे वाटते, पण कवयित्रींचे संग्रह हातात घेतले की दोन पानांत मन उडते. काय चुकते आहे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : संग्रह कादंबरीसारखा सलग वाचला की असे होते. दिवसाला एकच कविता घ्यावी आणि ती स्वतःच्या कानांना ऐकू जाईल अशी वाचावी. बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आल्या. त्या आधी काम करता करता म्हटलेल्या होत्या. खानदेशी बोली आपल्या वऱ्हाडी कानाला फार परकी वाटत नाही, म्हणून त्यांच्यापासून निघावे. नंतर इंदिरा संतांचा ‘मेंदी’ किंवा ‘गर्भरेशीम’ घ्यावा, आणि पुढे प्रभा गणोरकरांचा ‘व्यतीत’, जिथे शब्द कमी आणि मौन जास्त आहे.

आणखी एक. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या घरातही आजीला, मावशीला दोन-चार ओव्या येत असतील. दुपारी त्यांच्याजवळ बसा, त्या चालीवर म्हणतील तशाच लिहून घ्या आणि ओवीखाली म्हणणाऱ्या बाईचे नाव घालायला विसरू नका.