पटावर नाव आहे, पोरगं मात्र फडात

प्रश्न: ताई नमस्कार. मी बीड जिल्ह्यात शाळेवर आहे. आठवीच्या मुलांना प्रोजेक्ट दिला होता, भारत आणि श्रीलंका, बालमजुरी आणि शाळेतली हजेरी. मुलांनी शोधून आणलं की श्रीलंकेत 1 टक्का आणि आपल्याकडे 1 कोटी बालमजूर. एक जण म्हणाला, बाई तो देश छोटा आहे म्हणून कमी असतील. मला नीट उत्तर देता आलं नाही. काय सांगू?

उत्तर: बाई, आधी त्या मुलाला शाबासकी द्या, त्याची शंका एकदम रास्त आहे. टक्के आणि कोटी शेजारी ठेवून काही कळत नाही. आपला आकडा 2011 च्या जनगणनेतला, 5 ते 14 वयाचा, त्या वयाची मुलं साधारण 26 कोटी म्हणजे 4 टक्क्यांच्या आसपास आले. त्यांचा आकडा 2016 च्या सर्व्हेतला, 5 ते 17 वयाचा, आणि त्यात काम करणारी मुलं लाखाच्या वर असली तरी हलकं काम करणारी वगळून बालमजूर म्हणून धरलेली फक्त 43,714. वर्ष वेगळं, वय वेगळं, व्याख्या वेगळी, त्यामुळे आपल्याकडे चौपट असं मुलांना लिहू देऊ नका.

पण फरक आहे, आणि तो जुना आहे. 1946 मध्ये तिकडे निम्म्याहून जास्त लोक साक्षर होते, आपल्याकडे 1951 मध्ये फक्त 18 टक्के. 1945 पासून कन्नंगरा या शिक्षणमंत्र्यांनी तिथे शाळेपासून युनिव्हर्सिटीपर्यंत शिक्षण फुकट केलं, पुढे पुस्तकं आणि गणवेशही सरकार द्यायला लागलं. सक्तीचे नियम मात्र 1998 मध्ये आले, तोवर बहुतेक मुलं शाळेत पोचलेलीच होती. आपलं उलटं झालं. गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं बिल 1911 मध्ये मांडलं ते नामंजूर झालं, बालमजुरीचा कायदा 1986 मध्ये आला आणि शिक्षणाचा हक्क मिळाला 2010 पासून, म्हणजे काही धोक्याच्या कामांवर पोराला ठेवू नका हे आपण आधी सांगितलं आणि मग ते जाईल कुठे याची सोय 24 वर्षांनी केली. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच.

आता हजेरीचं, आणि हे तुमच्यापेक्षा जास्त कोण जाणतं. पट आणि हजेरी या दोन गोष्टी आहेत. जूनमध्ये पट भरलेला असतो, दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कोयती, म्हणजे ऊसतोडीच्या नवराबायकोच्या जोड्या, निघतात, ज्यांना मागे आजीआजोबा आहेत किंवा हंगामी वसतिगृहात जागा मिळाली ती पोरं राहतात, बाकीची आईबापाबरोबर उसाच्या फडात, मोठी मुलगी असेल तर कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळत बसते, मुलगा वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतो, बैलांना पाणी दाखवतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत पाच-सहा महिने गेलेले असतात. नाव पटावरच असतं. मजुरी आईबापाच्या नावावर, त्यामुळे पोरगं मजुरातही धरलं जात नाही. बालमजुरीच्या कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीत शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करायला परवानगी आहे, पण ऊसतोड हा काही घरचा धंदा नाही आणि तिथे शाळा सुटत नाही, शाळाच नसते. मला याचा खरंच त्रास होतो.

श्रीलंकेचंही सगळं छान आहे असं मुलांना वाटायला नको. चहाच्या मळ्यातल्या तमिळ मजुरांची मुलं फार मागे राहिली, कारण तिथल्या शाळा मळेवाल्यांच्या ताब्यात होत्या आणि सरकारने त्या घ्यायला सुरुवात केली 1970 च्या दशकात. मजुरी जिथे आईबाप आणि पोरं मिळून होते तिथे शाळा मागे पडते हे दोन्हीकडे सारखंच दिसतं, तुमच्या वर्गाने खरी तुलना करायची ती चहाचा मळा आणि उसाचा फड अशी करावी.

आणि एक करा. मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक काढा, मुलांना महिन्यामहिन्याची हजेरी मोजू द्या, जून ते एप्रिल. नावं लिहू नका, कारण त्यातली काही मुलं त्याच वर्गात बसलेली असतील. तो तक्ता प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लावा.