सिस्टरना विचारा : आधी कोणत्या बेडकडे जायचं?

या महिन्यातल्या बऱ्याचशा पत्रांत एकच रडगाणं आहे, वॉर्डात एकाच वेळी चार ठिकाणहून हाक येते तेव्हा आधी जायचं कुठे. बहुतेक पत्रं सिस्टर-ब्रदर लोकांची, एक विद्यार्थिनीचं, आणि एक चक्क पेशंटच्या मुलीचं, ते मुद्दाम घेतलंय. पत्रं थोडी छाटलीत, रागावू नका.

सिस्टर, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नुकतीच एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या मेल वॉर्डला लागलेय, मेडिकल सर्जिकल सगळं मिक्स. माझ्याकडे आठ पेशंट. परवा सकाळी ओव्हर (आधीच्या ड्युटीकडून पेशंटची माहिती) घेऊन वळते तोच एकदम चार गोष्टी. हर्नियावाला दुखतंय म्हणून ओरडत होता, डायबेटिसच्या काकांचा नाश्ता आलेला आणि इन्सुलिन बाकी, एका डिस्चार्जचे नातेवाईक काउंटरवर भांडत होते, आणि आदल्या दिवशी आतड्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा नुसतेच चुळबूळ करत होते, चादर ओढत होते. मी हर्नियावाल्याकडे गेले तर इनचार्ज मॅडम चिडल्या. कुठे आधी जायला हवं होतं? — स्टाफ नर्स, लातूर

आजोबांकडे. डोळे झाकून आजोबांकडे.

असं बघ, जो माणूस खणखणीत आवाजात ओरडतोय त्याचा श्वासमार्ग उघडा आहे, फुप्फुसात हवा जातेय, मेंदूला रक्त पोचतंय, म्हणजे पुढची पाच-दहा मिनिटं तरी तो तुझी वाट बघू शकतो. आजोबांबद्दल तसं म्हणता येत नाही. काल शांत असलेला माणूस आज चादर ओढतोय, मला उठवा घरी जायचंय म्हणतोय, की आपण लगेच वय झालंय म्हणून सोडून देतो आणि पेपरवर 'पेशंट इरिटेबल' लिहून मोकळे. पण ऑपरेशननंतरच्या अस्वस्थपणात पहिला संशय ऑक्सिजन कमी पडतोय याचा घ्यायचा, दुसरा आत कुठे रक्त जातंय याचा, मग शुगर, मग कॅथेटर काढलेलं असेल तर तुंबलेली लघवी, आणि हे सगळं बघून झाल्यावरच वय.

आणि बघायला काही मशीन लागत नाही गं. नाव विचार, उत्तर नीट येतंय का बघ. श्वास पूर्ण एक मिनिट मोज. हात धर, गार चिकट आहे का. नाडी. ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतून बाहेर काढलेल्या नळीत, किती आणि कसल्या रंगाचं. ड्रेसिंग वरून कोरडं दिसलं तरी कुशीखाली हात घालून बघ, कारण रक्त खाली उतरतं आणि चादर उचलल्याशिवाय कळत नाही. युरोबॅगमध्ये लघवी तासाला किलोमागे अर्धा एमएल तरी हवी, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 30 एमएल. बीपी 110/70 आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस, मोठ्या माणसाचं 750 ते 1500 एमएल रक्त जाईपर्यंत वरचं बीपी जवळपास नॉर्मल राहू शकतं, त्याआधी नाडी वाढते. तीही त्या आजोबांना मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल अशी नाडी हळू करणारी गोळी चालू असेल तर वाढेलच असं नाही, म्हणून आधीच्या गोळ्या कोणत्या ते ओव्हर घेतानाच विचारून ठेवायचं.

आजोबा ठीक असले तर मग इन्सुलिन, कारण ते घड्याळाशी बांधलेलं आहे आणि दोन मिनिटांचं काम आहे. आधी एचजीटी, म्हणजे बोटातून थेंब काढून शुगर. ती 70च्या खाली आली तर इन्सुलिन बाजूला ठेव, काका शुद्धीत आणि गिळता येत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन छोटे चमचे साखर पाण्यातून, आणि 15 मिनिटांनी परत तपास आणि डॉक्टरांना कळव. मग हर्नियावाला, पण त्याच्याजवळून जाताना 'दादा, पाच मिनिटांत इंजेक्शन घेऊन येते' एवढं तोंडाने सांगून जायचं, निम्मं ओरडणं तिथेच थांबतं. दुखणं हे काही किरकोळ काम नाहीये, दुखतंय म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि मग छाती भरते. शिवाय त्याचं दुखणं कालच्यासारखंच आहे की अचानक वाढलंय हेही विचार. फ्रॅक्चरला प्लास्टर घातलेला माणूस असता आणि इंजेक्शन देऊनही थांबत नाही म्हणून ओरडत असता, बोटं सरळ करताना किंचाळत असता, तर मी त्याला वरच्या नंबरला घेतलं असतं, कारण प्लास्टरच्या आत दाब वाढून पाय जायची वेळ येऊ शकते आणि पायाची नाडी लागतेय म्हणून सगळं ठीक असं तिथे धरता येत नाही. डिस्चार्ज शेवटी. भांडणाऱ्यांना इनचार्ज मॅडमकडे पाठव, ते त्यांचं काम आहे.

अजून एक. ओव्हर घेतल्यावर औषधांची ट्रॉली उघडायच्या आधी आठही बेडवरून एक चक्कर मारायची. चेहरा, श्वास, सलाईनची जागा, पिशव्या. तेवढ्यात कोणाला मागे ठेवायचं ते डोक्यात बसतं, आणि दोन तासांनी ते परत बदलतं, सकाळी लावलेला क्रम दुपारपर्यंत चालवायचा नसतो.

मॅडम, बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला एबीसी (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण या क्रमाने), मग मॅस्लो (शरीराच्या गरजा आधी, मनाच्या नंतर), मग 'आत्ता असलेला प्रॉब्लेम आधी, होऊ शकणारा नंतर' असं शिकवलंय. पण पोस्टिंगला गेलं की काहीच जुळत नाही. — विद्यार्थिनी, कोल्हापूर

जुळतं, पण अर्धवट जुळतं. तिन्ही नियमांना अपवाद आहेत. थायरॉइडचं ऑपरेशन करून आलेली बाई घ्या, तिला आत्ता असलेला प्रॉब्लेम आहे दुखणं आणि मळमळ, आणि होऊ शकणारा प्रॉब्लेम आहे मानेत रक्त साठून श्वासनलिका दाबली जाणं. केअर प्लॅनमध्ये कोणता आधी लिहिशील? मी तरी दुसरा. मानेमागे हात घालून ओल आहे का बघायचं, मान सुजतेय का, आवाज बदललाय का, श्वास घेताना घुर्र आवाज येतोय का. तोंडाभोवती मुंग्या येतायत असं म्हणाली तर कॅल्शियम कमी झाल्याचा विचार. असंच, भळाभळा वाहणारं रक्त समोर दिसत असेल तर एबीसी म्हणत बसायचं नाही, आधी हाताने दाबून धरायचं.

'आधी असेसमेंट' हाही परीक्षेतला लाडका पर्याय, तोही नेहमी खरा नसतो. रक्त चढवताना पेशंटला हुडहुडी भरली, कंबर दुखायला लागली, तर आधी ते रक्त बंद, सेट बदलून सलाईनने लाइन चालू ठेवायची, मग बाकीचं, पिशवी फेकायची नाही, ब्लड बँकेला पाठवायची. म्हणून तर पहिली 15 मिनिटं पेशंटजवळून हलायचं नसतं.

आणि आकडा एकटा वाचू नकोस. एसपीओटू, म्हणजे बोटाला लावलेल्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा, 90 आहे, बरं, कोणाचं? जुन्या सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) आजोबांना डॉक्टरांनी 88 ते 92चंच टार्गेट दिलेलं असेल तर ते ठीक आहेत, उलट त्यांचा ऑक्सिजन परस्पर वाढवून ठेवलास तर कार्बन डायऑक्साइड साठून ते झोपेत जातील. न्यूमोनियाचा तिशीतला मुलगा काल 97 होता आणि आज 90, तर त्याच्याकडे पळ. माझं तर मत आहे की प्रायॉरिटी ठरवताना कोण किती आजारी आहे यापेक्षा कोण कालपासून बदललाय हे आधी शोधावं.

इंग्लंडात यासाठी न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाचा स्कोअर आहे, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये काढला आणि 2017 मध्ये सुधारला. श्वास, एसपीओटू, ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, प्रत्येकाला गुण. बेरीज 5 झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, 7 झाली की इमर्जन्सी. श्वास मिनिटाला 25 किंवा जास्त असेल तर त्या एकट्याचेच 3 गुण, आणि नव्याने गोंधळलेला असेल तर त्याचेही 3. आता आपल्याकडचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट उघडून बघ, अख्खा वॉर्ड मिनिटाला 20 श्वास घेतोय, सगळेच्या सगळे, चारही वेळेला! श्वास न मोजता लिहायची ही सवय जोवर जात नाही तोवर कुठलाही स्कोअर आणून उपयोग नाही.

नमस्कार, मी नर्स नाही. बाबांना डेंग्यूसाठी अ‍ॅडमिट केलं होतं. एकदा सलाईनची बाटली संपली, मी चार वेळा बेल वाजवली, बराच वेळ कोणी आलं नाही, आम्ही घाबरलो की हवा आत जाईल. आणि ताप उतरल्यावर मात्र सिस्टर सारख्या येऊन बीपी आणि लघवी बघत होत्या. हे उलटं नाही का? — एक मुलगी, नाशिक

तुमची काळजी समजते, पण उलटं नाहीये ते. साधी लटकवलेली बाटली संपली तर पाणी नळीत एका पातळीला थांबतं, हवा सहसा शिरेत जात नाही, फार तर सुईत रक्त गोठून सुई बदलावी लागते. उशीर झाला हे खरं, आणि कोणीतरी येऊन दोन शब्द सांगायला हवे होते हेही खरं. पण त्याच वेळी पलीकडे कोणाचा श्वास अडकलेला असेल तर सिस्टरने तिकडेच असायला हवं.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप खाली येतो त्या सुमारास, 24 ते 48 तास धोक्याचे, कारण रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं. म्हणून बीपी, म्हणून लघवी. घरचे म्हणतात ताप गेला, आता घरी सोडा. पुढे कधी अशी वेळ आली तर बेल वाजवून नुसतं 'सिस्टर या' म्हणू नका, काय बदललंय ते सांगा. पोट खूप दुखतंय, उलट्या थांबत नाहीयेत, हिरड्यांतून रक्त येतंय, शी काळी झाली, हातपाय गार पडलेत, सकाळपासून लघवी नाही, हाक मारली तरी गुंगीत आहेत, यातलं काहीही असेल तर बेलवर थांबू नका, काउंटरवर चालत जा आणि हेच शब्द बोला.

सिस्टर, नाइटला आरएमओंना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) फोन केला की 'बरं बघतो' म्हणून ठेवतात. पेशंट बिघडतोय हे मला दिसतं पण पटवता येत नाही. — ब्रदर, सोलापूर

फोनवर काय बोलतोस ते लिहून पाठवलं असतंस तर बरं झालं असतं, पण अंदाज आहे, 'सर, नऊ नंबरचा पेशंट बरा वाटत नाहीये.' अर्ध्या झोपेतल्या माणसाला यातून काही कळत नाही. एसबीएआर नावाची पद्धत आहे, अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आली आणि कैसर पर्मनंटे या तिथल्या आरोग्यसंस्थेने ती हॉस्पिटलात आणली. आता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतंय, तुम्ही काय करावं, एवढ्या चारच गोष्टी. म्हणजे असं : 'सर, नऊ नंबर, श्वास 28, नाडी 124, बीपी 96, ताप 39, दोन तासांपूर्वी श्वास 18 होता. परवा अपेंडिक्स फुटलेलं ऑपरेशन. मला सेप्सिस वाटतोय. तुम्ही आत्ता येऊन बघा, तोवर ऑक्सिजन लावू का, कल्चरचं रक्त काढून ठेवू का?' केसपेपर हातात धरूनच फोन कर. शेवटचा भाग आपले लोक गाळतात, डॉक्टरांना कसं सांगायचं म्हणून. सांगायचं. किती वाजता फोन केला आणि काय उत्तर मिळालं ते नोट्समध्ये लिही, आणि तरी आले नाहीत तर नाइट सुपरवायझर, मग थेट कन्सल्टंट. रागावले तर रागावू देत.

सरकारी हॉस्पिटलला आहे, चाळीस बेड, जमिनीवर गाद्या वेगळ्या, आणि आम्ही दोघी. तुमची प्रायॉरिटी इथे कशी लावायची? — अधिपरिचारिका, मराठवाडा

पूर्ण नाही लागणार, खोटं कशाला सांगू. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे, आणि दोघींत चाळीस म्हणजे कोणी कितीही हुशार असली तरी काहीतरी राहणारच. जे राहिलं ते वेळ टाकून लिहून इनचार्जकडे द्या, रोज, त्याशिवाय वर कोणाला ते दिसत नाही. बिघडू शकणारे पाच-सहा जण काउंटरच्या समोरच्या बेडवर आणून घ्या, बेड बदलले की नातेवाईक कुरकुर करतात, करू देत. मावशी आणि मामांना शिफ्टिंग, स्थिर पेशंटचं स्पंजिंग, चादरी, एक्सरेला नेणं हे द्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं करणं, लकवा झालेल्याला पहिला घास देणं आणि बिघडत चाललेल्याचं बीपी मात्र तुमच्याच हातात ठेवा. युरोबॅग मावशींनी रिकामी केली तरी चालेल, पण ओतायच्या आधी आकडा तुम्ही बघायचा.