दोन कायरल कार्बन असूनही मेसो टार्टारिक ॲसिड ऑप्टिकली इनॲक्टिव्ह का?

तुमचं म्हणणं असं की दोन कायरल कार्बन (चार वेगवेगळे गट जोडलेले कार्बन) म्हणजे चार स्टिरिओआयसोमर (अणूंची जोडणी तीच, पण अवकाशातली मांडणी वेगळी) हवेत, मग टार्टारिक ॲसिडचे तीनच कसे? आणि त्यातला मेसो ध्रुवित प्रकाशाचं प्रतल का फिरवत नाही, म्हणजे ऑप्टिकली इनॲक्टिव्ह का?

घोळ क्लासमधल्या 'कायरल कार्बन मोजा' या युक्तीचा आहे. मोजून फक्त जास्तीत जास्त किती प्रकार होतील तेवढं कळतं. खरी कसोटी एकच: रेणूची आरशातली प्रतिमा त्याच्यावर तंतोतंत बसते का? बसली तर रेणू कायरल नाही, मग त्यात कायरल कार्बन कितीही असोत.

कागदावर करून बघा. फिशर प्रोजेक्शन (रेणूचं उभ्या-आडव्या रेषांचं सपाट चित्र) काढा, वर-खाली सीओओएच, दोन्ही ओएच उजवीकडे. शेजारी आरशातली प्रतिमा काढा, दोन्ही ओएच डावीकडे. आता तो कागद टेबलावरच १८० अंश फिरवा (पालथा घालायचा नाही, तिथेच बरेच जण फसतात). ओएच परत उजवीकडे आले! म्हणजे चौथा आयसोमर नव्हताच, तिसराच दोनदा मोजला होता, आणि तोच मेसो. आता एक ओएच उजवीकडे, एक डावीकडे असं काढा. कितीही फिरवा, प्रतिमेशी जुळणार नाही. ही इनॅन्शिओमरची, म्हणजे एकमेकांवर न बसणाऱ्या आरशातल्या प्रतिमांची जोडी. यातला वरचा ओएच उजवीकडे असलेला, तोच आपल्या चिंचेत असतो.

जोडीतल्या दोघांचाही वितळणबिंदू १७० अंश सेल्सिअसच्या आसपास. मेसो त्यांचा डायस्टिरिओमर (स्टिरिओआयसोमर, पण आरशातली प्रतिमा नव्हे), तो १५०च्या आतच वितळतो.

मेसो आणि रेसेमिक मिश्रण यांत मात्र गल्लत करू नका. दोन्ही इनॲक्टिव्ह, पण रेसेमिकमध्ये उजवे आणि डावे रेणू समसमान असतात. १८४८ साली पाश्चरने रेसेमिक टार्टारिक ॲसिडच्या सोडियम अमोनियम क्षाराचे स्फटिक चिमट्याने वेचून दोन ढीग केले. एकाचं द्रावण प्रकाश उजवीकडे फिरवी, दुसऱ्याचं डावीकडे. नशीबही जोरावर होतं, कारण सुमारे २७ अंशांच्या वर हे स्फटिक असे वेगवेगळे पडतच नाहीत. मेसोमध्ये वेचायला काही नाहीच. एक अर्धा भाग जेवढं फिरवतो, तेवढंच दुसरा अर्धा उलटं फिरवतो, आणि दोन्ही अर्धे एकाच रेणूत.

जाता जाता: आर-एस (कायरल कार्बनभोवतीच्या गटांच्या मांडणीची नावं) आणि अधिक-उणे (प्रकाश उजवीकडे फिरतो की डावीकडे) यांचा परस्परसंबंध नाही. चिंचेतलं ॲसिड आर,आर असून अधिक. स्नायूंतलं लॅक्टिक ॲसिड एस असून तेही अधिक. आर-एस कागदावर ठरतं, अधिक-उणे पोलरीमीटरवरच (प्रकाश किती फिरला ते मोजणाऱ्या उपकरणावर).