ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगारावर नियंत्रण कसे ठेवतात आणि खेळणाऱ्याला कोणते संरक्षण मिळते?

ग्रेट ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगार कायदेशीर आहे. मात्र २००५ च्या कायद्यानुसार त्यासाठी गॅम्बलिंग कमिशन या जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा परवाना लागतो, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर कंपनी माल्टात असो वा जिब्राल्टरमध्ये, ग्राहक ग्रेट ब्रिटनमधला असेल तर ही अट तिला चुकत नाही. वय व ओळख पटल्याखेरीज खेळू देता येत नाही, आणि एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने, म्हणजेच उधारीच्या पैशाने, डाव लावता येत नाही.

खरी कडक नजर आहे ती स्लॉट खेळांवर, म्हणजे चक्रे फिरवून चिन्हे जुळली तर पैसे देणाऱ्या खेळांवर. एका फेरीला किमान अडीच सेकंद लागायलाच हवेत, फेऱ्या आपोआप फिरवत ठेवण्याची सोय २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली, आणि २०२५ पासून एका फेरीवर जास्तीत जास्त ५ पौंड, तर १८ ते २४ वयोगटाला २ पौंडच लावता येतात.

माझ्या मते सर्वांत उपयोगी तरतूद ‘गॅमस्टॉप’ची आहे: तिथे एकदा विनामूल्य नाव नोंदवले की सर्व परवानाधारक संकेतस्थळांना त्या व्यक्तीला सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे दूर ठेवावे लागते, आणि मन बदलले तरी किमान मुदत संपेपर्यंत नोंदणी रद्द होत नाही. विनापरवाना परदेशी संकेतस्थळे मात्र ही यादी पाळत नाहीत.