मुलीच्या पॉलिसीआधी ते 'किरकोळ' आठ हजार

प्रश्न : मिस्टर 41 वर्षांचे, एमआयडीसीत नोकरीला, हातात पगार 52,000. मुलगी सहावीत. माझ्या पाटल्या मोडून ठेवलेली 3 लाखांची एफडी याच महिन्यात संपते. ओळखीचे एजंट मुलीच्या शिक्षणासाठी मिस्टरांच्या नावाने पॉलिसी घ्या म्हणतात : वर्षाला 60,000, 20 वर्षं, शेवटी 20 लाख. फॉर्मवर दारूच्या रकान्यात 'नाही' लिहा, असंही ते म्हणाले. मिस्टरांचं थोडं 'घेणं' आहे, पण हप्त्याची जबाबदारी आली की सुटेल. घरखर्चाची यादी जोडली आहे.

उत्तर : ताई, ही पॉलिसी घेऊ नका. 12 लाख भरून 20 लाख, म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्केही पडत नाहीत. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 20 वर्षांत साडेसव्वीस लाखांच्या घरात जातात. शिवाय कॉलेजची फी सात वर्षांत लागणार. पॉलिसीचे पैसे येतील तेव्हा मुलीने तिशी ओलांडलेली असेल. तिच्या शिक्षणाच्या नावावर हे गळ्यात मारणाऱ्याचा मला राग येतो.

तुमचा प्रश्न एवढाच होता. पण मी तुमच्या यादीवर अडकलो. किराणा 6,500 आणि त्याच्याच खाली 'किरकोळ' 8,000. पुढे गेल्या वर्षीचे 38 दिवस बिनपगारी, आणि पतसंस्थेचं 2 लाखांचं कर्ज 14 टक्क्यांनी. बेरीज करू. ते 'किरकोळ' म्हणजे दारूच, तिचे वर्षाला 96,000, बुडालेला पगार 65,000, व्याज 28,000. जवळपास 1 लाख 90 हजार. असे तीन हप्ते तुमच्या घरातून दरवर्षी आत्ताच जात आहेत.

हप्ता लागला की दारू सुटेल, ही आशा सोडा. मुलगी झाली, कर्ज झालं, पाटल्या गेल्या, सुटली का? व्यसन हा आजार आहे, जबाबदारी वाढवून तो बरा होत नाही.

'नाही' तर मुळीच लिहू नका. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पहिली तीन वर्षं कंपनी लपवाछपवीवरून पॉलिसी रद्द ठरवू शकते. दवाखान्याच्या कागदावर दारूचा उल्लेख निघाला की क्लेम अडतो, आणि तेव्हा एजंट तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, हवाच, पण खरं लिहून, हप्ता जास्त पडला तरी. बहुतेक मेडिक्लेममध्ये व्यसनाचा उपचार वगळलेला असतो, त्यामुळे तो खर्च तुमच्याच खिशातून जाईल असं धरा.

त्यासाठीच एफडीतले 50,000 बाजूला काढा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय. तिथे साधारण महिनाभर दाखल राहावं लागतं. खर्च, सवलत फोनवर विचारा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 आहे. मिस्टर तयार नसले तरी तुम्ही एकटीने फोन करा. आणि घरच्या घरी एका झटक्यात दारू बंद करायला लावू नका. सवयीच्या माणसाला त्याने फिट येऊ शकते, कधी जिवावरही बेततं. आधी डॉक्टर.

उरलेले अडीच लाख फक्त तुमच्या नावावर ठेवा. जॉइंट नको. पतसंस्थेत पुन्हा जामीन म्हणून सही करू नका, कुणी कितीही गळ घातली तरी. पीएफवर वारस म्हणून कोणाचं नाव आहे, ते याच आठवड्यात बघून घ्या. लग्नाआधीचं, सासूबाईंचं नाव तसंच राहिलेलं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

पीपीएफ सहा महिन्यांनी उघडलं तरी चालेल. यादीतल्या त्या ओळीवर मात्र 'किरकोळ' खोडून 'दारू' लिहा, आणि मला पुढची यादी तशीच पाठवा.